रंगवलेली पट्टी

फोरमनला उघडं लोखंड बघवत नसे. रस्त्याने जाताना कुणाच्या फाटकाचा रंग उडालेला दिसला की त्याचा जीव कासावीस व्हायचा, आणि ओळख असो नसो, आत डोकावून सांगायचा, "अहो, प्रायमर मारा हो, नाहीतर गंज खाऊन टाकेल!" बसडेपोच्या रंगकामात त्याचा उभा जन्म गेला होता. शेवटी शेवटी तिथला फोरमन झाला, मग निवृत्त झाला, पण गल्लीत नाव तेच राहिलं. बायकोसुद्धा चारचौघींत "आमचे फोरमन" असंच म्हणायची, आणि त्यात निम्मं कौतुक असायचं, निम्मा वैताग. घरातली एक वस्तू त्याने सोडली नव्हती. खिडक्यांचे गज, शिलाई मशीनचं पायडल, पाण्याच्या टाकीचा स्टँड, सगळं चकाचक. "मी एखाद्या दिवशी जास्त वेळ एका जागी बसले ना, तर मलाही एक हात मारतील," असं ती म्हणायची.

अशा माणसाने निवृत्तीनंतर सौर इन्व्हर्टर बनवायला घेतला, तर तो कसा दिसणार हे सांगायला नको. छपरावर पॅनेल, जिन्याखालच्या कोपऱ्यात बॅटरी, आणि शेजारी स्टुलावर पत्र्याची पेटी. काही मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, काही डेपोतल्या जुन्या इलेक्ट्रिशियनचं डोकं खाऊन, दोनदा बोर्ड जाळून आणि एकदा स्वतःच्या भुवया जाळून त्याने तो चालू केला एकदाचा. पण पेटी बघावी! गडद हिरवा एनॅमल, कडेने पिवळी रेघ, समोर व्होल्टेज दाखवणारं छोटंसं मीटर. घरी आलेल्या माणसाला तो आधी पेटी दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

त्या भागात दुपारची वीज जायची ती हमखास जायची. बायकोचं शिवणकाम होतं, मशीनला मोटर बसवलेली होती. सगळी गल्ली घामाने निथळत असताना हिचं मशीन चालू, डोक्यावर पंखा चालू. कपडे न्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "तुमच्याकडे बरंय बाई, घरचीच वीज!" फोरमन आतल्या खोलीत बसून हे ऐकायचा आणि मुद्दाम खाकरायचा, म्हणजे ज्याने ती वीज केली तो घरातच आहे हे कळावं.

भिंतीपलीकडच्या घरात त्याचा धाकटा भाऊ राहायचा. बाप लवकर गेला, तेव्हा या धाकट्याला फोरमननेच लहानाचा मोठा केला होता. धाकटा गवंडी झाला. हात चांगला, बोलणं कमी, आणि दादा म्हणेल ती पूर्व दिशा. एका बांधकामावर पायाखालची परांचीची फळी निसटली आणि तो पाठीवर आपटला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो खाटेवर होता आणि त्याचं सगळं त्याची बायको करायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली होती. तिला एक लहानसा पंप असतो. तो गादीचे कप्पे आळीपाळीने भरतो नि सोडतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. पंप बंद पडला की गादी हळूहळू बसते आणि माणूस सरळ लाकडावर येतो. डॉक्टरांनी धाकटीला बजावलं होतं, "एकदा का पाठ फुटली, की ती भरून येणं फार कठीण. वीज गेली तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा."

हे कळल्याबरोबर फोरमन छाती पुढे काढून धाकट्याच्या खाटेजवळ उभा राहिला. "मी बसलोय ना इथे! भिंतीवरून एक वायर टाकतो. पंपाला लागतात जेमतेम दहा वॅट. चिमणीचा घास आहे माझ्या इन्व्हर्टरला."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीने पदराने तोंड पुसलं. फोरमनला त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

बोलल्याप्रमाणे त्याने केलं, अगदी बोलल्याच्या वर केलं. कुणी म्हणू नये की दिलं ते उरलंसुरलं दिलं, म्हणून त्याने एक बॅटरी वाढवली. दोन बॅटऱ्या एकमेकींना आणि पेटीला जोडायला तांब्याच्या जाड पट्ट्या आणल्या. एरवी तो सगळं जोडून, नट आवळून, मग वरून ब्रश फिरवायचा. पण ही वायर द्यायच्या दिवशी धाकट्याचे डॉक्टर येणार होते, शेजारचे दोघे-तिघे येणार होते. तेव्हा काम डेपोसारखं झालं पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं. डेपोत बसचा प्रत्येक भाग सुटा रंगवायचे आणि मग बसवायचे. म्हणून त्याने पट्ट्याही सुट्या रंगवल्या, दोन्ही बाजूंनी, एक लाल, एक काळी. वाळल्यावर दुसरा हात मारला. मग भोकांत बोल्ट घालून आवळल्या. दिसायला एवढ्या सुरेख झाल्या की डॉक्टर म्हणाले, "विकत आणलात का हो?" झालं! फोरमन आठवडाभर जमिनीवर नव्हता.

आणि मग व्होल्टेज पडायला लागलं.

आधी जरा जरा. दुपारी वीज गेली, बायकोने मशीनवर पाय ठेवला की डोक्यावरचा पंखा मंद व्हायचा आणि पेटी टूं टूं करायची. मग आणखी काही दिवसांनी मशीन धड चार टाके घालेना. मोटर घुं करायची, समोरच्या मीटरवरचा आकडा बारावरून घसरत घसरत दहाच्या खाली यायचा आणि पेटी आपली आपण बंद. पाय काढला की आकडा पुन्हा बारावर, जसं काही घडलंच नाही.

"तुमचं मीटर साळसूद आहे बाई," बायको म्हणाली. "काम सांगितलं की अंगात येतं, काम नसलं की शहाणं."

फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने बॅटरीचं पाणी तपासलं, पुरेसं होतं. छपरावर चढून पॅनेल पुसले. फ्यूज बदलला. पेटीतली वायर काढून जाड घातली. बोर्डावरचे ट्रान्झिस्टर बदलले. व्होल्ट मोजायच्या टेस्टरच्या पिना बॅटरीच्या टोकांना लावून बघितल्या, तर बारा पूर्णांक सहा! पण ते मशीन बंद असताना. मशीन चालू ठेवून बॅटरीपासून पेटीपर्यंत एकेक जोड तपासत जायचं, हे त्याला कुणीही शिकाऊ पोराने सांगितलं असतं. त्याने तसं सुरूही केलं होतं. पण लाल पट्टीवर पिना टेकवल्या तर टेस्टर काहीच दाखवेना, कारण रंग. आकडा हवा तर रंग खरवडायला हवा. आणि त्या पट्टीवर ओरखडा मारायला त्याचा हात धजेना. "पट्टीत काय बिघडणार? तांबं आहे," असं म्हणून तो उठला.

मग बिघाड कुठे? सगळं ठीक तर व्होल्टेज जातं कुठे? आणि कधीपासून जातंय? माणूस असा विचार करत बसला की त्याला हवं ते उत्तर सापडतं. पलीकडे वायर दिली, तेव्हापासून.

त्या दिवशी तो अंगणात आला आणि त्याची नजर पलीकडच्या ओट्यावर गेली. धाकटी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा आत नेत होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, एकेक घडी अशी कडक की कागद वाटावा. फोरमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे त्याला तसं वाटलं. इस्त्री! बाईसाहेब माझ्या विजेवर इस्त्री फिरवतायत!

आत जाऊन बसला असता, पाणी प्यायला असता, तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. नेमक्या त्याच वेळी मशीन बंद पडलं म्हणून कपड्यांसाठी थांबलेल्या बायका वारा घ्यायला बाहेर येऊन उभ्या होत्या. फोरमनला ऐकायला माणसं मिळाली.

"काय गं," त्याने भिंतीवरून हाक मारली, "इस्त्री कधी करतेस तू?"

धाकटी थांबली. "कसली इस्त्री, दादा?"

"या चादरींची. अशी घडी काय फुंकर मारून पडते?"

बायकांतली एक फिसकन हसली. धाकटीचा चेहरा उतरला. "इस्त्री नाही हो करत. मी पंपाशिवाय दुसरं काही लावत नाही. शप्पथ."

"दहा वॅटचा पंप, आणि माझं व्होल्टेज दहाच्या खाली? मीटर खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात."

आतून धाकट्याचा आवाज आला, "काय झालं, दादा?"

आता तरी थांबावं! पण नाही. फोरमनने आवाज चढवला, खाटेपर्यंत जावा म्हणून. "विचार तुझ्या बायकोला! तुझ्या पाठीसाठी दिलेली वीज ही कपड्यांवर फिरवते. वर तोंड करून नाही म्हणते. याला चोरी म्हणतात, दुसरं काही नाही!"

धाकटी चादरी आत ठेवून आली, पंपाची पिन काढली, भिंतीवरून आलेली वायर सोडवली. कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळावी तशी कोपराभोवती नीट गुंडाळली आणि फोरमनच्या पायरीवर आणून ठेवली. सगळ्या बायका बघत होत्या. "हल्ली कुणाचं भलं करायची सोय नाही," त्यातली एक म्हणाली, आणि फोरमनने तिच्याकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या दुपारी वीज गेली. "बस आता मशीनवर," फोरमन बायकोला म्हणाला, अगदी ऐटीत, हात मागे बांधून.

तिने पाय ठेवला. मोटरने घुं केलं. पंखा मंदावला. मीटरवरचा आकडा अकरा, साडेदहा, दहा, आणि पेटी टूं टूं करून बंद.

बायकोने सुईखालचं कापड काढून घेतलं. फोरमनकडे बघितलंसुद्धा नाही. "वायर तर पायरीवर आहे," एवढंच म्हणाली.

तरी फोरमनचं तोंड गप्प बसेना. "बॅटरीच खराब करून ठेवली असेल तिने," तो पुटपुटला, आणि हे म्हणताना त्याला स्वतःलाच ते पटलं नाही. जिन्याखाली जाऊन तो मांडी घालून बसला. बायकोला म्हणाला, "मी सांगतो तोपर्यंत मशीन चालू-बंद करत राहा." टेस्टरच्या पिना बॅटरीच्या टोकांना लावल्या. मशीन सुरू झालं, पेटी कोकलायला लागली, तरी इथे सव्वाबारा. बॅटरी ठणठणीत होती. मग त्याने लाल पट्टीच्या पलीकडच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडला आणि तिथे पिन टेकवली. पावणेदहा. एका वीतभर पट्टीच्या दोन टोकांत अडीच व्होल्ट गडप! त्याने बोल्टला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला.

नट सोडवून पट्टी वेगळी केली तेव्हा सगळं उघडच झालं. जिथे तांब्याने बॅटरीच्या शिशाच्या टोकाला नीट टेकायचं, तिथे लाल रंगाचे दोन थर, मध्ये जळून काळं पडलेलं कडं. रंग म्हणजे विजेला भिंत. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वाट काढत इतके दिवस वीज जात होती. लहानसहान काम असेल तोवर निभायचं, मशीनचा भार आला की गळा आवळला जायचा, आणि चटक्याने रोज थोडा जास्त. धाकटीच्या पंपाचा यात काडीचाही संबंध नव्हता.

काचपेपरने घासायला त्याला फार वेळ लागला नाही. तांबं लखलखीत झालं, पट्टी बसवली, नट आवळले. "लाव," तो म्हणाला. मशीन असं धावलं की बायकोच दचकली. मीटर बाराच्या जरा वर, हलेना की डुलेना. आयुष्यात पहिल्यांदा फोरमनला वाटलं की दुरुस्त केलेली वस्तू चालली नसती तर बरं झालं असतं. पट्टी रंगवलेली तीही धाकट्याला वायर द्यायच्याच दिवशी, लोकांनी बघावी म्हणून! काळ-वेळ जुळली होती ती अशी, आणि त्याने दोष दिला तिला. कान एवढे तापले की त्याने तिथेच भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

बायको मशीनवरून उठून आली. जमिनीवरचा लाल रंगाचा चुरा बघितला. तिला एवढ्या वर्षांत अर्धं इन्व्हर्टर कळायला लागलं होतं, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"काल मी तिच्याकडे जाऊन आले," ती म्हणाली. "चादरी ती स्वतःच्या अंथरुणाखाली दाबून ठेवते आणि वर झोपते. भाऊजींच्या पाठीखाली एक सुरकुती येता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलंय. इस्त्री नाहीच घरात."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल तुमचं मीटर बोलत होतं ना."

फोरमन जमिनीवरचा चुरा हाताने गोळा करायला लागला.

"चारचौघांत बोललात," बायको म्हणाली. "आता जा."

"जातो. उद्या जातो."

तो उद्या काही येईना. फोरमन फाटकापर्यंत जायचा आणि कडीला तेल घालून परत यायचा. मनातल्या मनात त्याने अनेक वाक्यं जुळवली आणि सगळी मोडली. सरळ 'चुकलो' म्हणावं, तर धाकट्यासमोर म्हणावं लागणार. ज्याने जन्मभर दादाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याच्यासमोर. त्यापेक्षा गुपचूप वायर परत जोडावी, इकडचं-तिकडचं बोलावं, सगळे आपोआप विसरतील. असे विचार आले की त्याला स्वतःची किळस यायची, पण विचार जायचे नाहीत.

आणि रोज दुपारी वीज जायची. वीज गेली की भिंतीपलीकडून आवाज सुरू व्हायचा. फूस, फूस, फूस. पहिल्यांदा त्याला कळेना काय आहे. मग कळलं. धाकटीने कुणाचा तरी सायकलचा पंप आणला होता आणि गादीत हाताने हवा भरत होती. मध्येच आवाज थांबायचा, तिचा दम लागलेला ऐकू यायचा, की पुन्हा फूस, फूस. इकडे फोरमनच्या डोक्यावर पंखा गरगरत असायचा. त्याने एकदा पंखा बंद केला आणि घामाघूम होत बसून राहिला. त्याने कुणाचंच काही भलं झालं नाही.

मग एके दुपारी बायको पलीकडून आली ती पदर खोचतच. "भाऊजींच्या पाठीवर लाल चट्टा दिसतोय. अजून फुटला नाहीये. तपासायला आलेली नर्स म्हणाली, गादी सारखी चालू राहिली तर आवरेल. तुम्ही जाताय का मी वायर टाकू?"

फोरमनने वायर खांद्यावर घेतली आणि निघाला. लाज होतीच, पण आता भीतीने तिच्यावर मात केली होती.

धाकटी खाटेशेजारी गुडघे टेकून पंप मारत होती. तळहाताला फडकं बांधलेलं. त्याला बघून ती झटकन उठली आणि कोपऱ्यात सरकली. धाकटा कुशीवर होता, पाठीशी उशी लावलेली. फोरमनने सगळी जुळवलेली वाक्यं आठवायचा प्रयत्न केला आणि तोंडातून निघालं ते हे, "तो... नवा पार्ट मिळाला. इन्व्हर्टर आता फर्स्ट क्लास. वायर जोडतो परत."

खोटं! इथेही खोटं! दार ओलांडून उभं राहायला तोंड नव्हतं, त्यातही त्याला सोयीचा शब्द सापडला.

"दादा," धाकटा म्हणाला, "जोडायच्या आधी एक ऐक. ती कबूल झाली. इस्त्री लावली होती म्हणाली. शेजारून मागून आणली होती. मी खूप बोललो तिला. आता तू मनात ठेवू नकोस."

फोरमनने खांद्यावरची वायर खाली ठेवली.

"माग ना माफी," धाकटा बायकोला म्हणाला.

धाकटी पुढे आली. खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं, दादा." आणि मग तिने एकदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडू नव्हतं. थकलेलं माणूस दाराबाहेरच्या चपलांकडे बघेल तसं तिने बघितलं. फोरमनला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"असू दे," तो म्हणाला.

हो, असंच म्हणाला! शरम माणसाकडून काय काय बोलवून घेते. म्हणाला आणि पाठ फिरवून भिंतीच्या बोर्डाजवळ उकिडवा बसला. वायर सोलली, जोडली. पंप घुमायला लागला. मागे गादीचे कप्पे फुगू लागले, धाकट्याने हुश्श केलं.

"दादा, मन मोठं आहे तुझं," धाकटा म्हणाला. "दुसरा कुणी असता तर पुन्हा या दारात पाय ठेवला नसता."

फोरमनने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "तिने इस्त्री लावली नाही."

"अरे, ती स्वतः म्हणाली..."

"लावलीच नाही. इस्त्री लावली असती तर माझा इन्व्हर्टर जागच्या जागी बंद पडला असता. एवढा भार त्याला झेपतच नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. आठवायचं नव्हतं म्हणून आठवलं नाही." तो मागे वळला. "नवा पार्टही नाही कसला. बॅटरीच्या पट्ट्या मी रंगवल्या होत्या, आतूनसुद्धा. नट आवळायच्या आधी. रंगातून वीज जात नाही. एवढंच होतं. सगळं माझंच होतं. आणि हे मला कळून झाले बरेच दिवस. रोज हिचा पंप ऐकत होतो मी पलीकडून."

त्याला वाटत होतं धाकटा आता त्याच्यावर ओरडेल. ओरडावं, शिव्या द्याव्यात, वायर तोडून फेक म्हणावं. पण धाकट्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो मान वळवून बायकोला शोधत होता.

"मग तू हो का म्हणालीस?"

धाकटी सायकलचा पंप पुसत होती. "तुम्ही रोज विचारत होता," ती म्हणाली. "भरवताना, अंग पुसताना, कूस बदलताना. 'खरं सांग, दादा खोटं बोलणार नाही.' मी नाही म्हटलं की तोंड फिरवून घ्यायचात, घास घ्यायचा नाहीत. हो म्हटलं त्या दिवशी पोटभर जेवलात."

धाकट्याने हात पुढे केला. खाटेवरून जेवढा पोचेल तेवढा केला आणि तसाच धरून ठेवला. धाकटीने तो बघितला. पण ती जागची हलली नाही, फडक्याने पंपाची नळी पुसत राहिली.

"धाकट्या, मी..." फोरमनने सुरुवात केली.

"दादा," धाकटी म्हणाली, "मोठ्या जाऊबाईंकडे त्या कपड्यांसाठी येतात ना बायका, त्या रस्त्यात माझ्याशी बोलत नाहीत. नळावर मी गेले की आपापल्या कळश्या जवळ ओढतात."

"सांगतो मी त्यांना."

"कधी?"

फोरमन उठला. दारातून बाहेर पडताना त्याला धाकट्याचा आवाज ऐकू आला, हलक्या आवाजात काहीतरी समजावणारा, विनवणारा. तिचा आवाज ऐकू आला नाही.

स्वतःच्या घरात पाऊल टाकलं तर मशीन भरधाव चाललं होतं. त्याच बायका बसल्या होत्या, पंख्याखाली, पाय पसरून. "या फोरमन!" एक म्हणाली. "काय झकास चालतंय हो! वायर काढली ते बरं केलंत."

"बंद कर ते जरा," फोरमन बायकोला म्हणाला.

"का?" तिने विचारलं. "व्होल्टेज पडलं?"

"नाही." त्याने जिन्याखालच्या हिरव्या पेटीकडे जायचं टाळलं आणि बायकांच्या समोर येऊन उभा राहिला. मशीन थांबलं. सगळ्यांचे चेहरे वर झाले. बसायला जागा असूनही तो बसला नाही.

"मी तुमच्यासमोर एका बाईला चोर म्हणालो होतो," तो म्हणाला.